वारा कमी म्हणून नादच सोडायचा?

"राज्यात सरासरी वारा सेकंदाला पाच मीटर, म्हणजे पवनऊर्जा विसरा," असं एकाने म्हटलंय, ते अर्धंच पटलं. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ५ ऐवजी ७ मीटर मिळाला तर जवळपास पावणेतीनपट! त्यामुळे अख्ख्या राज्याची सरासरी काय कामाची? एखादी खिंड, पठाराची कड वेगळीच निघते. शिवाय लांब पाती आणि त्या मानाने लहान जनरेटर, अशी यंत्रं खास मंद वाऱ्यासाठीच बनतात. पातं दुप्पट लांब, तर वाऱ्याला भिडणारं क्षेत्र चौपट. उंचावर वारा जास्त मिळतो, पण उंच मनोरा महाग पडतो, खरा हिशेब तिथेच अडतो. आणि निदान वर्षभर मास्ट (वारा मोजायचा उंच खांब) उभारून वारा मोजल्याशिवाय बँकाही दारात उभं करत नाहीत (बरोबरच आहे म्हणा).