६ महिने थांबायची गरज नाही
"व्हिसाला नकार आला की ६ महिने थांबूनच पुन्हा अर्ज करा" असं काही जण सांगतात, ते निदान शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागू नाही. तिथे थांबण्याची अशी कुठलीही सक्ती नाही. अमेरिकेच्या २१४(ब) या कलमाखालच्या (अर्जदार मायदेशी परतेल याची खात्री न पटल्याच्या) नकारानंतरही नाही. दुसऱ्या अर्जात काय बदललं, एवढंच महत्त्वाचं. शेंगेनच्या नकारासोबत छापील फॉर्म येतो आणि कारणाच्या चौकटीत खूण केलेली असते, ती आधी नीट बघा. माझ्या फॉर्मवर खर्चाची तरतूद सिद्ध होत नाही, या चौकटीत खूण होती. खात्यात पुरेसे पैसे असताना असं का, म्हणून मी दोन दिवस नुसती रडत होते. मग स्टेटमेंट पुन्हा वाचलं. अर्जाच्या ९ दिवस आधी मोठी रक्कम एकदम जमा झालेली, मुदत ठेव मोडल्याची. पण ती कुठून आली हे कागदांत कुठेच नव्हतं! दुसऱ्या वेळी ठेव मोडल्याची पावती जोडली, स्टेटमेंटवर त्या नोंदीपुढे खूण केली आणि चार ओळींचा खुलासा दिला. नकारानंतर पाचव्या आठवड्यात अर्ज केला, व्हिसा मिळाला.

आणि कृपा करून आधीचा नकार लपवू नका. शेंगेन देशांच्या सामायिक नोंदीत तो ५ वर्षं राहतो, अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात तर अमेरिकेने आधी व्हिसा नाकारलाय का, असं थेट विचारतात. अपील करायचं असेल तर मुदत त्या नकारपत्रातच दिलेली असते, देशागणिक वेगळी. प्रवास जवळ आला असेल तर मी नवा अर्जच करेन.