डाळमिल, घाणा, कांडप: तिन्ही वाढवू की एकच धरू?

दारव्हा_डाळवाला:
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ गावात आपली मिनी डाळमिल आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची, पीकेव्ही म्हणतात ती. सुरुवात शेतकऱ्याची तूर मजुरीवर करून देण्यापासून झाली, मग लोक म्हणे डाळ विकत पण द्या, तर स्वतःची तूर घेऊन पॅकिंग चालू केलं, मग लाकडी घाणा बसवला, गेल्या वर्षी मिरची-हळदीचं कांडप. पाच माणसं आहेत, माल यवतमाळ-अमरावतीपर्यंत जाते पण हातात पैसा काही दिसत नाही अन् सगळं माझ्याच डोक्यावर. परवा बेल्ट आणाले अकोल्याले गेलो, इकडे आभाळ भरून आलं, तेल-पाणी लावून वाळत घातलेली तूर अंगणात, अन् पोराचा फोन, "भाऊ, ताडपत्री टाकू का?" अरे टाक नं बाप्पा! आता बँकेतले म्हणतात पीएमएफएमईतून, म्हणजे केंद्राच्या लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून, मोठं लोन घ्या. घेऊ का? अन् तिन्ही धंदे वाढवू की एकच धरू?

खामगावकर:
लोन मागून पाहू. तिन्हीचा हिशोब वेगळा आहे का? नसनच. एकाच गल्ल्यात येते, त्यातूनच जाते, मग कोण कमावते अन् कोण खाते कसं कळन? तीन वह्या कर. मजुरीच्या कामात तुया पैसा अडकत नाही, तूर शेतकऱ्याची. स्वतःच्या मालात मात्र जानेवारी-फेब्रुवारीत आवक सुरू झाली की सगळा पैसा ओतावा लागते अन् डाळ वर्षभर विकत बसा. 2024 मध्ये तुरीनं क्विंटलले दहा हजार ओलांडले, 2025 च्या हंगामात 7550 हमीभाव असून बाजारात त्याच्याही खाली गेली. ज्यानं महागात भरून ठेवली तो बसला. माया मतानं मजुरीचं काम वाढव, स्वतःची डाळ मागणीपुरती ठेव, कांडप बंद.

गटाची_ताई_वाशीम:
खामगावकर दादा, बंद करा म्हणणं सोपं आहे हो, मशीनचे पैसे गुंतलेत न त्यांचे. भाऊ, कांडप गावातल्या बचत गटाला चालवायला द्या, भाडं घ्या, डोकं मोकळं. अन् ताडपत्रीचं म्हणाल तर पोराचा दोष नाही, त्याला कधी स्वतः ठरवू दिलं का? आमच्या गटात खरेदी एकीकडे, वाळवण-पॅकिंग दुसरीकडे, अन् पाचशेपर्यंतचा खर्च कोणाला विचारायचा नाही, फक्त लिहून ठेवायचा. पहिले दोन महिने चुकतात, मग चालते.

पीएमएफएमईत अनुदान 35 टक्के, तेही 10 लाखांच्या वर नाही, अन् तीन वर्षं बँकेतच अडकून राहते, खाते नीट चाललं तर कर्जात वळतं होते. हप्ता पूर्ण कर्जाचा समजूनच घ्या.

जुना_अडत्या:
उधारी किती आहे ते कोणी विचारलंच नाही राजेहो. अमरावतीच्या दुकानदाराले माल देता तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या अन् बिलावर नंबर टाका. अशा नोंदणीवाल्याले, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, अन् 2024 पासून उशीर केला तर पैसे देईपर्यंत मोठ्या दुकानदाराले तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. त्याचाच सीए त्याले सांगते मग.

दारव्हा_डाळवाला:
उधारी पाहिली, लाजच वाटली सांगाले, लोनची गरज त्यातूनच निघते बहुतेक 😅 वह्या आजपासून. घाणा ठेवतो, घरची गिऱ्हाइकं रोख देतात. ताई, कांडपाचं भाडं महिन्यानं घेऊ की किलोमागं?

गटाची_ताई_वाशीम:
किलोमागं. कांडप उन्हाळ्यातच जोरात चालते, महिन्याचं ठरवलं की पावसाळ्यात भांडणं. अन् वीज मीटर वेगळं घ्या.