ब्लॅकजॅक टूर्नामेंट: शेवटच्या डावात किती लावायचे?

पत्तेवेडा:
२५ डाव, सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चिप्स, शेवटी ज्याच्याकडे जास्त तो एकटाच पुढच्या राउंडला. बेसिक स्ट्रॅटेजी (कोणत्या पत्त्यांवर काय करायचं त्याचा ठरलेला तक्ता) पाठ आहे पण इथे तेवढ्याने भागत नाही. समजा शेवटच्या डावाला माझ्याकडे १०००, दुसऱ्याकडे ९००, बाकीचे खूपच मागे. मिनिमम १०, मॅक्सिमम ५००. त्याने आधी ५०० लावले, आता माझी पाळी. १० लावून लीड सांभाळू की मीपण ५०० लावू?

चिपमोजे:
१० अजिबात नको. तो जिंकला की १४०० वर जाणार आणि तुम्ही जिंकूनही १०१०, म्हणजे तुमच्या पत्त्यांना काही अर्थच उरला नाही. त्याच्याएवढेच लावा. डीलर दोघांचा एकच, त्यामुळे बरेचदा दोघं एकदम जिंकता किंवा एकदम हरता, आणि दोन्ही वेळा तुम्ही १०० ने पुढेच, १५०० ला १४०० नाहीतर ५०० ला ४००. त्याचा निकाल तुमच्यापेक्षा चांगला लागला तरच गेलात. त्याने डबल केलं (बेट दुप्पट करून एकच पत्ता घेतला) तर मात्र परत हिशोब करा.

उलटीबेट:
बरोबर, पण हे जमलं कारण त्याला आधी लावावे लागले. खरी मेख तिथेच आहे!! बटण (आधी कोण लावणार ती खूण) दर डावाला एक जागा सरकतं, तर पाच-सहा डाव आधीच मोजून बघा शेवटच्या डावाला आधी कोण लावणार. तुम्हीच असाल तर १०० ची लीड काही कामाची नाही, एक-दोन डाव आधीच मोठी बेट टाकून अंतर वाढवायला बघा. आणि तुम्ही ९०० वाले असाल, पुढच्याने १००० मधले ५०० लावले, तर त्याच्या मागे धावू नका, ३९० पर्यंतच लावा. दोघं हरलात तर तुमचे ५१०, त्याचे ५००.

पत्तेवेडा:
हे ३९० वालं डोक्यातच आलं नव्हतं, भारी. आणि पत्ते खेळताना? तिथे तरी बेसिकच ना?

चिपमोजे:
शेवटच्या डावात नाही. तुम्हाला जिंकायलाच हवंय, दुसऱ्याचे २० झालेत आणि तुमचे हार्ड १७ (म्हणजे एक्का ११ न धरता), नुसतं थांबून तुम्ही त्याच्या पुढे जाणार नसाल तर पत्ता घ्यायचा, बस्ट झालात (२१ च्या वर गेलात) तरी आणखी काय जाणार. तसंच २०० लावलेत, ३५० हवेत आणि ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाचा पत्ता) आला, तर ३:२ ने मिळणार ३०० च. नियमात बसत असेल तर ब्लॅकजॅकवरही डबल करा, जिंकलात तर ४००. एरवी असं कुणी करणार नाही, पण इथे डीलरला हरवून भागत नाही, बाजूच्याच्या पुढे जायचंय.

उलटीबेट:
एक राहिलं, एलिमिनेशन प्रकार असेल तर ८ आणि १६ नंबरच्या डावानंतरही सगळ्यात कमी चिप्सवाला बाहेर जातो. तिथे पहिल्या नंबरकडे बघत बसू नका, शेवटून दुसरा कोण आहे ते बघा आणि त्याच्या बेटप्रमाणे लावा.