पीएल-२५९ आणि २५ वॉटचं आयर्न

पीएल-२५९ हा रेडिओच्या अँटेना केबलच्या टोकाला लावायचा कनेक्टर. तो लावताना केबलच्या तारेच्या जाळीला सोल्डर धरत नाही आणि आतलं प्लॅस्टिक मात्र वितळतं, असं तुम्ही लिहिलंय. दोष तुमच्या हाताचा नाही, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचा आहे. कनेक्टरचं पितळी अंग सगळी उष्णता ओढून घेतं. तुम्ही टोक टेकवून बसता, तोवर केबलमधलं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, मऊ होतं आणि मधली तार एका बाजूला सरकते. ८०-१०० वॉटचं, जाड टोकाचं आयर्न घ्या. भर्रकन तापवा, सोल्डर वाहिलं की हात काढा. निकेलच्या मुलाम्यावर सोल्डर बसत नसेल तर कनेक्टरच्या अंगावरच्या सोल्डरच्या भोकांभोवती कानस मारून पितळ उघडं करा. चांदीचा मुलामा असेल तर ही कटकटच नाही.

आरजी-२१३ ही जाड केबल थेट बसते. आरजी-५८ जेमतेम ५ मिमीची, तिला रिड्यूसर (बारीक केबलसाठी कनेक्टरमध्ये बसवायची नळी) हवा. कनेक्टरची फिरणारी कडी आधी केबलवर चढवा, हे सांगायला नको (पण सांगतोच!). इंदुरात महाराणी रोडला गेलात तर ५० ओहमचीच केबल मागा, नाहीतर दुकानदार टीव्हीची ७५ ओहमची हातात देतो.

एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झ) पीएल-२५९ उत्तम. ४३५ मेगाहर्ट्झसाठी मात्र मी एन-टाइप कनेक्टरच लावीन: त्याची इम्पीडन्स (सिग्नलला दिसणारा रोध, ओहममध्ये) केबलइतकीच सांभाळलेली असते, शिवाय आत रबरी गॅस्केट असतं. पीएल-२५९ मध्ये पाणी शिरतं, म्हणून गच्चीवरच्या जोडाला आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून पीव्हीसी टेप. त्याआधी मल्टिमीटरने मधली पिन आणि अंग शॉर्ट नाहीत ना, ते केबल हलवून पाहा.