उपासनेचं लाइव्ह बंद करायचं म्हणे!

कळवेकर: काल आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर ऐरोलीकरांनी टाकलं, ‘लाइव्ह बंद करा, कॅमेऱ्यानं बाकं रिकामी केली.’ रात्रभर डोक्यातून जाईना. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर आठवा. आईच्या उशीला फोन टेकवून आम्ही गीतं म्हटली. १६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली, तुम्ही परतलात. ती अजून खाटेवरच आहे. रविवारी साडेआठ वाजले की डोक्यावर पदर घेते आणि माझ्याकडे बघते. तिला काय सांगू?

ऐरोलीकर: आईंबद्दल आदर आहे. पण धडधाकट माणसं अंथरुणात चहा पीत उपासना ‘बघतात’, त्याचं काय? प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, फोनमधून मिळतं का? बायबलमधलं इब्री १०:२५ काढा. एकत्र मिळणं सोडू नका, असं स्पष्ट लिहिलंय.

तुर्भ्याची मावशी: मेगाब्लॉकच्या रविवारी तुर्भ्याहून ठाण्याला येऊन दाखव, मग वचन सांग. माझं दुखणं वेगळंच आहे. लाइव्हमध्ये मराठी उरलीय कुठे? ना. वा. टिळकांच्या गीताचं एक कडवं, मग तीन हिंदी गाणी. पेटीवाले काका मागच्या बाकावर.

नेरुळचा साउंडवाला: मावशी, टिळकांच्याच गीतावर कॉपीराइटचा क्लेम आला होता. ते १९१९ ला गेले, शब्द सगळ्यांचे झाले. क्लेम आला तो आपण लावलेल्या रेकॉर्डिंगवर.

मावशी: मग रेकॉर्डिंग लावता कशाला? मंडळीला गाऊ द्या! आणि मराठी गीत पडद्यावर रोमनमध्ये का रे?

साउंडवाला: देवनागरी टाकलं की पोरं गप्प उभी राहतात. इंग्रजी शाळेत त्यांना मी घातलं का?

मावशी: शाळेवर जाऊ नकोस. दर शनिवारी सात पोरांना मीच बाराखडी शिकवते. तुझी मुलगी आली का एकदा तरी?

साउंडवाला: नाही आली. पाठवतो.

ऐरोलीकर: विषय लाइव्हचा होता. ठीक आहे, आजाऱ्यांसाठी चालू ठेवा. पण उपासना संपली की व्हिडिओ काढून टाका.

कळवेकर: माझी बहीण नर्स आहे, रविवारी सकाळी ड्युटीवर. तिनं कधी बघायचं?

साउंडवाला: फेसबुक तसंही फेब्रुवारी २०२५ पासून लाइव्ह ३० दिवसच ठेवतं. पाळकसाहेबांची प्रवचनं आत्ताच उतरवून घ्यायला हवीत.

ऐरोलीकर: बरं, आठवडाभर राहू दे. त्यापुढे नाही.

कळवेकर: भाऊ, आईला भेटायला शेवटचे कधी आलात?

ऐरोलीकर: नाताळात. चुकलंच. रविवारी पाळकसाहेबांना घेऊन येतो, प्रभुभोजनही देतील. पण लाइव्हचा मुद्दा कमिटीत काढणारच.