रेपसीडला मराठीत काय म्हणायचं : राई, शिरस की आणखी काही?

गोदाकाठ :
रब्बी तेलबियांवरच्या एका पत्रकाचं मराठी करतेय. 'रेपसीड आणि मस्टर्ड' ही जोडी त्यात ओळीओळीला येते. मी 'राई आणि मोहरी' लिहिलं. तपासणाऱ्यांनी राई खोडली, 'दोन्ही एकच' म्हणाले. आमच्या पंचवटीतल्या घरी फोडणीची बारीक ती राई, लोणच्याला फेसायची जाड ती मोहरी. आई वाण्याकडे दोन्ही वेगवेगळ्या मागायची. मग एकच कशा?

मळेकरी :
तुमच्या आईचा फरक दाण्याचा, पत्रकातला पिकाचा. मस्टर्ड म्हणजे ब्रॅसिका जुन्सिया, आणि हिंदीत राई म्हणतात ती हीच. रेपसीडमध्ये आपल्या देशात तोरिया, पिवळी सरसों येतात. कॅनडातलं ते ब्रॅसिका नॅपस. रेपसीडला राई म्हटलंत तर अर्थ उलटाच होतो.

जुनी वही :
आजोबा पांढऱ्या मोहरीला 'शिरस' म्हणत. संस्कृत सर्षप, त्याचंच हिंदीत सरसों. घरचा शब्द असताना रेपसीड कशाला?

मळेकरी :
शिरस म्हटलं की आमच्याकडे बांधावरचं झाड डोळ्यांपुढे येतं, शिरीष. पत्रक शेतकऱ्याच्या हातात जाणार आहे. सोयाबीनला कुणी मराठी नाव शोधलं? येवल्यापासून निफाडपर्यंत सोयाबीनच म्हणतात.

जुनी वही :
सूर्यफूल मात्र मराठीच राहिलं ना? शब्द दिला की रुजतो. आधीच हार मानायची नाही.

दिंडोरीवाला :
आमच्या भागात मोहरी तेलासाठी कोण लावतो? कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी टाकतात. चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी घालायला मोहरीवर जातो, कोबी वाचतो. एक ओळ कोबीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी. तेलबी म्हणाल तर पेठ-सुरगाण्याकडची खुरासणी. नाव इराणकडच्या खुरासानचं वाटतं, पीक मुळात इथिओपियाचं. म्हणून कुणी खुरासणी म्हणायचं सोडलं का? लोकांच्या तोंडी आहे तो शब्द खरा.

गोदाकाठ :
पण रेपसीड लोकांच्या तोंडी नाहीच, अडचण तीच आहे.

पाट्यावरची :
मला आईंची विभागणी पटते. मात्र आमच्या सिन्नरच्या घरी नेमकं उलट : लोणच्याची ती राई, फोडणीची मोहरी! मोहरीचं मूळ मोहोरात असावं, असं मला फार वाटतं. सगळं शेत एकदम पिवळं मोहरतं.

जुनी वही :
मोहोर आंब्याला येतो, मोहरीला फुलं येतात. राईचं मूळ पक्कं आहे : राजिका. राजी म्हणजे ओळ, रेघ. राजिका त्यातलाच शब्द.

पाट्यावरची :
म्हणजे आमराई, देवराईतली राई तीच का? आम्रराजी, आंब्यांची ओळ?

दिंडोरीवाला :
देवराईत ओळ कुठली? आमच्याकडची देवराई कुणी रांगेत लावलेली नाही, झाडं आपोआप वाढलीत. तिथे राजी कशी लावणार?

जुनी वही :
आधी ओळ, मग समूह, असा अर्थ पसरला असणार. वनराई घ्या.

दिंडोरीवाला :
वनराई तर मला अलीकडचा शब्द वाटतो. देवराईचं बोला.