पायलॉसच्या मातीच्या पाट्या आगीत टिकल्या कशा?

प्रश्न : अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगन यांना १९३९ मध्ये ग्रीसमधील पायलॉसच्या राजवाड्यात लिनियर बी या प्राचीन ग्रीक भाषेच्या लिपीतील शेकडो पाट्या मिळाल्या. राजवाडा इ.स.पू. ११८० च्या सुमारास जळून खाक झाला असताना त्या शाबूत कशा राहिल्या? शिवाय त्यांत केवळ हिशेबच का आढळतात?

प्रतिसाद १ : आगीमुळेच टिकल्या; तिच्यात त्या भाजून पक्क्या झाल्या. कारकून ओल्या मातीवर टोकदार काडीने अक्षरे कोरत आणि पाटी नुसती वाळवत, भाजत नसत. चालू वर्षाच्या नोंदी संपल्या की ती माती भिजवून पुन्हा वापरता येई. त्यामुळे आपल्या हाती आले आहे ते बहुतांशी शेवटच्या काही महिन्यांचे दप्तर. काही पाट्यांवर तर माती थापणाऱ्याच्या तळहाताच्या रेषाही उमटलेल्या दिसतात.

प्रतिसाद २ : हिशेब रूक्ष असले तरी त्यांना कमी लेखू नये. मेंढ्या, लोकर, सुगंधी तेल, कामकरी स्त्रियांचा शिधा, रथांची चाके असे सारे त्यांत येते. एका पाटीवर तिवया आणि भांडी यांची यादी असून तीन कानांचे, चार कानांचे आणि बिनकानी भांडे यांची चित्रे शेजारच्या शब्दांशी तंतोतंत जुळतात. इंग्रज वास्तुविशारद मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये केलेल्या या लिपीच्या उलगड्याला या पाटीने १९५३ मध्ये भक्कम आधार दिला. त्याच यादीत पाय जळालेल्या एका तिवईचीही इमानेइतबारे नोंद आहे.

प्रतिसाद ३ : एक पुरवणी. काव्य किंवा इतिहास या लिपीत अद्याप सापडलेला नाही. राजवाडे कोसळताच ग्रीसच्या मुख्यभूमीवरून हे लेखनही लोपले.